ड्रॉइंग नसलेला जॉब

भोसरीच्या एमआयडीसीत टूलरूममध्ये माझी सत्तावीस वर्षं गेली. गाड्यांच्या पत्र्याच्या डाय आणि प्लॅस्टिकचे मोल्ड हे आमचं काम. अधूनमधून एखादा वेगळा जॉब येतो. जुनं मशीन बंद पडलेलं असतं, आतला एक तुकडा मोडून पडलेला असतो, बनवणारी कंपनी कधीच बंद झालेली असते आणि ड्रॉइंग कुणाकडेच नसतं. अशा वेळी जाणता फिटर मोडक्या तुकड्यात फार वेळ घालवत नाही. तो तुकडा कुठे बसत होता, त्याच्यावर भार कुठून येत होता आणि तो पुढे कुठे उतरत होता, हे तो आधी बघतो. मग नवा तुकडा करतो. २०२२ साली माझ्या वरच्या जबड्याचं काम नेमकं याच पद्धतीने झालं. त्यातलं बरंचसं मी समोर बसून बघितलं, म्हणून लिहितोय.

मे २०२१ मध्ये मला कोव्हिड झाला. दहा दिवस ऑक्सिजन, सोबत स्टिरॉइड. डायबेटिस आधीपासून होता, त्या दहा दिवसांत साखर साडेचारशेच्या वर गेली. घरी आल्यावर आठवड्याच्या आत उजवा गाल बधिर झाला, वरचे दात हलायला लागले. बायकोने बॅटरी लावून टाळू बघितला आणि काही न बोलता रिक्षा बोलावली. काळी बुरशी, म्युकर. पेपरात रोज तेच येत होतं. महाराष्ट्र आणि गुजरातमध्ये सर्वांत जास्त रुग्ण होते, आणि त्या बुरशीवरच्या अँफोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी माझा भाचा चार दिवस वणवण फिरत होता.

ही बुरशी रक्तवाहिन्यांत शिरते आणि त्या बंद पाडते. रक्त थांबलं की हाड मरतं, आणि मेलेल्या हाडात औषध पोचत नाही. म्हणून सर्जनला जिवंत, रक्त येणारं हाड लागेपर्यंत काढत जावं लागतं. जूनमध्ये माझा उजवीकडचा वरचा जबडा पूर्ण गेला, टाळूचा अर्ध्याहून जास्त भाग गेला, समोरचे सगळे दात गेले. डावीकडे मागच्या तीन दाढा राहिल्या. डोळा वाचला. जीव वाचला, ते त्या डॉक्टरांमुळे, हे मी रोज आठवतो.

पुढचं वर्ष ऑब्च्युरेटरवर काढलं. टाळूचं भोक बंद करणारी गुलाबी ॲक्रिलिकची प्लेट, तिच्यावरच दात. माझ्याकडे धरायला फक्त तीन दाढा, त्याही एकाच बाजूला, त्यामुळे प्लेट उजवीकडून खाली लोंबायची. पाणी प्यायलं की नाकातून यायचं. टाळू बंद नसला की हवा नाकातून निसटते आणि प, ब यांचा म होतो, हे मला तेव्हा कळलं. गावाकडे आईला आम्ही बाई म्हणतो. फोनवर मी बाई म्हणायचो आणि तिकडे माई ऐकू जायचं. थोड्या दिवसांनी ती म्हणाली, “सूनबाईकडे दे फोन.” तिला माझं बोलणं कळत नव्हतं आणि ते मला कळू नये म्हणून ती तसं म्हणायची. शॉपवर मी फोन घेणं बंद केलं. चहाच्या सुट्टीत चहा घ्यायचं बंद केलं.

वर्षभर दर दोन-तीन महिन्यांनी दुर्बीण घालून तपासणी झाली, स्कॅन झाले, एकदा बायोप्सी झाली. बुरशी परत आलेली नाही याची खात्री झाल्याशिवाय आत काहीही बसवायचं नाही, असं डॉक्टरांनी आधीच सांगून ठेवलं होतं. जून २०२२ मध्ये ते म्हणाले, आता विचार करू.

त्यांनी मला तीन रस्ते सांगितले. पहिला, आहे त्या प्लेटवरच राहायचं. दुसरा, पायातलं फिब्युला हाड रक्तवाहिनीसकट काढून तोंडात बसवायचं. जबड्याच्या कामात ही पद्धत जुनी आणि भरवशाची आहे, कारण हाड आणि मांस दोन्ही जिवंत येतं. पण डायबेटिसमुळे माझ्या पायाच्या रक्तवाहिन्यांचा डॉप्लर, म्हणजे रक्तप्रवाहाची सोनोग्राफी, चांगला आला नाही, तो रस्ता तिथेच संपला. तिसरा, माझ्याच स्कॅनवरून टायटॅनियमचा सांगाडा थ्रीडी प्रिंट करून गालाच्या दोन्ही हाडांना स्क्रूने आवळायचा आणि त्याच्यावर दात बसवायचे. ‘पेशंट स्पेसिफिक इम्प्लांट’, सगळे त्याला पीएसआय म्हणत होते.

थ्रीडी प्रिंटिंग मला नवीन नव्हतं. आमच्याकडे प्लॅस्टिकचे नमुने कधीचे प्रिंट होऊन येतात. त्यामुळे माझ्या मनात चित्र सोपं होतं. स्कॅन टाकायचा, बटण दाबायचं, जबडा बाहेर. प्रत्यक्षात स्कॅनपासून ऑपरेशनपर्यंत चार महिने गेले, आणि त्यात प्रिंटिंगची एकच रात्र होती.

पहिली अडचण स्कॅनची. माझ्याजवळ फिल्मची मोठी पाकिटं होती, ती मी अभिमानाने टेबलावर ठेवली. डिझाइन करणाऱ्या इंजिनिअर मुलीने ती बाजूला ठेवली आणि सीडी मागितली. सीडी निघाली, पण त्या सेंटरने तिच्यात तीन-तीन मिलिमीटरचे जाड काप भरले होते. डोक्याचे पावासारखे काप करायचे आणि ते परत एकावर एक रचून हाड उभं करायचं, असं हे काम आहे. काप जाड असले की कडा पायऱ्यांसारख्या येतात. काप एक मिलिमीटरच्या आत हवेत, अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचे असले तर उत्तम. म्हणजे नवा सीटी स्कॅन, नवा खर्च. ज्यांच्यावर ही वेळ येईल त्यांनी स्कॅन करतानाच सांगावं की इम्प्लांट बनवायचा आहे, बारीक काप आणि मूळ डिजिटल फाइल द्या.

जुनी फाइल मात्र फार कामाला आली. म्युकरच्या ऑपरेशनच्या आधी केलेला सायनसचा सीटी बायकोने कपाटात साड्यांच्या खाली जपून ठेवला होता. तो बारीक कापांचा होता. त्यात माझा मूळ जबडा होता, आजारी पण जागेवर.

मी विनंती केली की मला हे काम बघायचं आहे. सर्जननी परवानगी दिली, आणि त्या मुलीनेही आढेवेढे घेतले नाहीत. ती मला काका म्हणायची. तिच्याजवळ बसून मी पहिल्यांदा माझी कवटी पडद्यावर फिरताना बघितली. पहिला दिवस मला जड गेला. नाकाच्या खाली जिथे हाड असायला हवं तिथे पोकळी होती, आणि ती माझी होती.

सीटीत प्रत्येक ठिपक्याला एक आकडा असतो. पाण्याला शून्य, हवेला उणे हजार, घट्ट हाडाला हजारच्या आसपास किंवा वर. अमुक आकड्याच्या वरचं सगळं हाड समजायचं, अशी रेघ ओढली की सॉफ्टवेअर हाड वेगळं काढतं. ऐकायला सोपं आहे. पण डोळ्याच्या खालचं हाड कागदासारखं पातळ असतं. त्याच्या दोन्ही बाजूंना हवा किंवा मऊ मांस, त्यामुळे एकाच ठिपक्यात दोघांची सरमिसळ होते, आकडा खाली येतो आणि पडद्यावर तिथे खोटं भोक दिसतं. उलट माझ्या डाव्या दाढेवर धातूची टोपी आहे. तिच्यामुळे चित्रात सूर्याच्या किरणांसारख्या पांढऱ्या रेघा उमटल्या होत्या, जिथे हाड नाही तिथे हाड दाखवत होत्या. हे सगळं हाताने दुरुस्त करावं लागतं, एकेक काप उघडून, शरीररचना माहीत असलेल्या माणसाकडून. तिने तीन दिवस त्यात घालवले. दातांच्या कडा नीट मिळाव्यात म्हणून दातांच्या डॉक्टरांनी तोंडातून वेगळा स्कॅन घेतला आणि तो सीटीवर जुळवला.

मग मी माझ्या धंद्यातली सूचना केली. गाडीच्या दारांच्या डाय आम्ही डाव्या-उजव्या करतो. एक बाजू तयार असली की दुसरी तिचीच मिरर. म्हटलं, डावीकडचं हाड शाबूत आहे तेवढं मिरर करून उजवीकडे लावा. ती म्हणाली, “तेही करतोय काका, पण हे बघा.” तिने मिरर केलेली बाजू निळ्या रंगात आणली, जुन्या सीटीमधली माझी खरी उजवी बाजू पिवळ्या रंगात आणली आणि एकावर एक ठेवली. गालाजवळ जवळजवळ दोन मिलिमीटरचा फरक. कुणाच्याही चेहऱ्याच्या दोन बाजू सारख्या नसतात. पन्नास वर्षं आरशात बघितलेला चेहरा, आणि हे मला तेव्हा कळलं. जुनी सीडी नसती तर निळ्यावरच भागवावं लागलं असतं.

इथपर्यंत मी समजत होतो की गेलेल्या हाडाची नक्कल करायची आहे. दातांच्या डॉक्टर मॅडम मीटिंगला आल्या आणि गाडी दुसऱ्या रस्त्याला लागली. त्यांनी पहिला प्रश्न विचारला, दात कुठे हवेत? माझे खालचे दात जागेवर होते. तोंड मिटल्यावर वरचा दात खालच्या दाताला कुठे भेटेल, ओठाला आधार किती लागेल, बोलताना किती दात दिसतील, हे सगळं त्यांनी मेणाच्या दातांवर ठरवलं. तोंडात घालून बघितलं, माझ्याकडून आकडे म्हणवून घेतले, हसायला सांगितलं. दातांच्या जागा पक्क्या झाल्यावर त्यांच्या खाली चार खुंट्या कुठे येतील ते ठरलं. मग प्रश्न उरला तो एवढाच, की या चार खुंट्यांवरचा चावण्याचा जोर वर कुठे न्यायचा?

उत्तर होतं गालाची हाडं. डावीकडे आणि उजवीकडे, दोन्ही शाबूत आणि जाड. नाकाच्या कडेचं उरलेलं हाड पातळ होतं, तिथे आधार घेता येईल, पण भार टाकता येणार नाही. म्हणून जो आकार तयार झाला तो जबड्यासारखा दिसतच नव्हता. दोन बाजूंना पंख्यासारख्या पसरलेल्या पट्ट्या, मध्ये कमान, कमानीवर चार खुंट्या. मला तो बघताक्षणी समजला. ड्रॉइंग नसलेला जॉब असाच होतो. मूळ तुकड्याचं रूप त्यात दिसत नाही, त्याचं काम दिसतं.

त्या मुलीने प्रत्येक स्क्रूसाठी हाडाची जाडी मोजली. एकूण अकरा स्क्रू, दोन मिलिमीटर व्यासाचे, कुठे लांब, कुठे आखूड. स्क्रूची दिशाही वाटेल तशी चालत नाही. सर्जन तोंडाच्या आतून चीर देऊन काम करणार, बाहेर चेहऱ्यावर कट नको होता. मग ड्रिल आणि स्क्रू ड्रायव्हर त्या चिरेतून कुठल्या कोनात पोचतो ते बघूनच भोकं तिरपी करायची. दोन भोकं सर्जननी नाकारली. “माझा हात तिथे जाणार नाही,” एवढंच म्हणाले. डिझाइन परत. पुढच्या वेळी एक खुंटी हिरडीच्या अगदी पातळ भागातून बाहेर येत होती, मांस फाटलं असतं. डिझाइन परत. चार वेळा फाइल बदलली, आणि दर वेळी रिव्हिजन नंबर, तारीख, कुणी सांगितलं, का सांगितलं, सगळं लिहिलं जात होतं. ही शिस्त आमच्या टूलरूमसारखीच होती, आणि त्यामुळे मला रात्री झोप लागायची.

एका जागी पट्टी कमानीला मिळते तिथला आतला कोपरा मला टोकदार वाटला. डायमध्ये तडा जातो तो अशाच कोपऱ्यातून. मी भीतभीत बोललो. तिने कॉम्प्युटरवर भाराची चाचणी परत लावली, चावण्याचा जोर दिला, तो कोपरा बाकीच्यापेक्षा लाल दिसला, म्हणजे तिथे ताण जास्त होता. तिने रेडियस वाढवला, म्हणजे कोपरा गोल केला. त्या दिवशी घरी जाताना मी बायकोला म्हणालो, मी आज कामावर जाऊन आलो.

टायटॅनियमच का, हे मी सर्जनना विचारलं. त्यांनी स्वीडनच्या ब्रोनेमार्क यांची हकिकत सांगितली. १९५० च्या दशकात ते सशाच्या पायाच्या हाडात टायटॅनियमचा छोटा कप्पा बसवून रक्ताचा प्रवाह बघत होते. प्रयोग संपल्यावर कप्पा काढायला गेले तर निघेना, हाड त्याला चिकटून वाढलं होतं. १९६५ मध्ये त्यांनी पहिल्या माणसाच्या जबड्यात टायटॅनियमचे स्क्रू बसवले आणि ते त्या माणसाला चाळीस वर्षं पुरले. आपण वापरतो ते शुद्ध टायटॅनियम नाही. त्यात सुमारे ६ टक्के ॲल्युमिनियम आणि ४ टक्के व्हॅनेडियम असतं, आणि ऑक्सिजनसारख्या अशुद्धी मुद्दाम फार कमी ठेवलेला ग्रेड घेतात. स्टीलच्या साधारण निम्म्या वजनाचं आणि तरी हाडापेक्षा कितीतरी ताठ. हे ताठपण जास्त झालं तर सगळा भार धातूच घेतो आणि शेजारचं हाड रिकामं बसून झिजतं, म्हणून पट्ट्या गरजेपुरत्याच जाड ठेवतात.

सर्जननी सही केली, माझ्या नावाचं प्रिस्क्रिप्शन झालं. आपल्याकडच्या २०१७ च्या वैद्यकीय उपकरण नियमांत एकाच रुग्णासाठी, डॉक्टरच्या लेखी सूचनेवरून बनवलेल्या अशा वस्तूची वेगळी व्याख्या आहे. नंतर फाइल प्रिंटिंगला गेली, आणि मी तिथेही जायचा हट्ट धरला.

ते युनिट माझ्या ओळखीच्या शेडसारखं नव्हतं. बूटांवर कव्हर, डोक्यावर टोपी, आणि मशीनच्या खोलीत काचेबाहेरूनच बघायचं. टायटॅनियमची भुकटी म्हणजे १५ ते ४५ मायक्रॉनचे गोल कण, मैद्यासारखे. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. आम्ही टायटॅनियमचा जॉब घेतो तेव्हा त्याच्या बारीक चुऱ्याला आग लागू नये म्हणून जपतो. इथे तर भुकटीच. हवेत उडाली आणि ठिणगी पडली तर भडका, आणि त्याच्यावर पाणी मारायचं नसतं. म्हणून मशीनच्या आत हवा काढून आर्गॉन भरतात. आर्गॉनचं दुसरंही काम आहे. तापलेलं टायटॅनियम ऑक्सिजन ओढून घेतं आणि ठिसूळ होतं.

मशीनमधल्या प्लेटवर भुकटीचा पातळ थर पसरतो, ३० मायक्रॉनचा. लेझर त्या थरावर माझ्या जबड्याच्या एका कापाची रेघ मारतो, तेवढी भुकटी वितळून घट्ट होते. प्लेट ३० मायक्रॉन खाली जाते, परत थर, परत लेझर. माझा तुकडा तिरपा उभा केला होता, उंची ४८ मिलिमीटर. म्हणजे सोळाशे थर. सीटीने माझे काप केले होते, आणि हे मशीन काप जोडत होतं. त्या काचेपाशी मी अर्धा तास उभा राहिलो. लेझरचा ठिपका पळत होता आणि मागे क्षणभर चमकती रेघ राहत होती. सोळा तास लागणार होते. बाजूला त्याच भुकटीच्या दोन सरळ कांड्याही उभ्या राहत होत्या. त्या नंतर मशीनवर ओढून तोडून बघतात, धातू पुरेसा मजबूत झाला की नाही हे कळायला.

मशीनमधून निघालेला तुकडा बघून कुणाचाही विरस होईल. करडा, खरखरीत, खाली आधाराच्या काड्यांचं जंगल, आणि पूर्ण प्लेटला चिकटलेला. थर वितळून लगेच थंड होतात, म्हणून आत ताण कोंडलेला असतो. तसाच कापला तर तो वाकडा होईल. आधी प्लेटसकट भट्टीत, ८०० अंशांच्या आसपास, तेही आर्गॉनमध्येच. नंतर वायरकटवर, म्हणजे वीज सोडलेल्या बारीक तारेने धातू कापणाऱ्या मशीनवर, प्लेटपासून सोडवला. वायरकट बघून मला घरी आल्यासारखं वाटलं.

आणि मग तो माणूस, ज्याच्याबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचं आहे. पन्नाशीतला कारागीर, खिडकीजवळच्या बेंचवर, हातात बारीक ग्राइंडर. आधाराच्या काड्या त्याने पकडीने एकेक तोडल्या, खुणा घासल्या. हाडाला टेकणारा भाग मुद्दाम जाळीदार ठेवलेला होता, अर्ध्या मिलिमीटरच्या आसपासची छिद्रं, हाड त्यात शिरावं म्हणून. तिथे त्याने हत्यार लावलं नाही, फक्त अडकलेली भुकटी निघून जाईपर्यंत फुंकलं आणि धुतलं. तोंडाच्या बाजूचा भाग मात्र आरशासारखा करायचा होता, कारण खरखरीत जागेवर जंतू घर करतात. एमरी, मग रबर, मग फेल्ट आणि पेस्ट. दीड दिवस तो त्या एका तुकड्यावर बसला होता. मशीनने रात्रीत केलं त्याच्याहून जास्त वेळ त्याच्या बोटांनी घेतला. मी त्याला सांगितलं की हा जॉब माझ्यासाठी आहे. त्याने ग्राइंडर बंद केला, माझ्या चेहऱ्याकडे बघितलं आणि म्हणाला, “मग इथली कड अजून मऊ करतो. जीभ सारखी इथे लागेल.”

तपासणीत मला धक्का बसला. टूलरूममध्ये आम्ही दहा-वीस मायक्रॉनसाठी भांडतो, आणि इथे डिझाइन आणि तुकडा यांच्यात मिलिमीटरच्या दशांश-दोन दशांशाचा फरक मंजूर होता. मी आवाज चढवला. त्या मुलीने शांतपणे विचारलं, “काका, तुमचं हाड आपण कशाने मोजलं?” सीटीने. सीटीचा एक ठिपकाच चार दशांश मिलिमीटरच्या घरात. ज्या मापाने हाड घेतलं त्याच्याहून बारीक माप तुकड्यावर मागून फायदा काय? मी गप्प झालो. त्यांनी माझ्या कवटीचा रेझिनचा नमुना दिला. त्याच्यावर मी स्वतः इम्प्लांट ठेवला. कुठे डुगडुगला नाही, एकाच जागी येऊन थांबला. वजन २४ ग्रॅम.

ऑपरेशन नोव्हेंबर २०२२ मध्ये झालं. त्याबद्दल मला सांगता येईल ते इतकंच, की मी आकडे मोजायला सुरुवात केली आणि जाग आली तेव्हा संध्याकाळ होती. नंतर सर्जननी सांगितलं, ड्रिलची दिशा धरायला प्रिंट केलेले नायलॉनचे गाइड होते, भोकं त्यातून मारली, इम्प्लांट बसवला, अकराही स्क्रू ठरल्या जागी गेले. टाळूचं भोक आसपासच्या मांसाने आणि गालातल्या चरबीचा थर ओढून बंद केलं. धातू उघडा राहिला तर तो टिकत नाही, धातूपेक्षा त्याच्यावरची चादर महत्त्वाची, असं ते म्हणाले. इम्प्लांट, ऑपरेशन आणि दात मिळून साडेपाच लाख लागले. अर्धे कंपनीच्या पतसंस्थेच्या कर्जातून आले, ते अजून फेडतोय.

चादरीबद्दलचं ते वाक्य मी विसरलो आणि त्याची किंमत मोजली. संक्रांतीत साखर सांभाळली नाही. दोन महिने झाले होते, सगळं छान चाललं होतं, घरात तिळाच्या वड्या होत्या. जानेवारीअखेर उजवीकडे पुढे मांस फाटून चार मिलिमीटर धातू दिसायला लागला. डॉक्टरांनी औषधी पाण्याच्या चुळा, साखरेवर कडक नियंत्रण आणि शेवटी एक छोटी शस्त्रक्रिया करून तो झाकला. ज्यांना असा इम्प्लांट बसवायचा आहे त्या डायबेटिसवाल्यांना मी हात जोडून सांगतो, तीन महिन्यांची सरासरी साखर आटोक्यात नसेल तर थांबा, आणि बसवल्यावर तर कधीच ढिलाई करू नका. तंबाखू असेल तर ती आजच सोडा. रोज दोनदा खुंट्यांभोवती बारीक ब्रश फिरवायला मला दहा मिनिटं लागतात, ती दहा मिनिटं मी कुठल्याही कामासाठी सोडत नाही.

कायमचे दात एप्रिल २०२३ मध्ये बसले. मॅडमनी आरसा दिला, मी आरशात कमी आणि जिभेने जास्त बघितलं. टाळू होता. कारागिराने मऊ केलेली ती कड दातांच्या मागे मांसाखाली गेली होती, पण मला ती कुठे आहे ते माहीत होतं. दवाखान्याच्या बाहेर पार्किंगमध्ये उभं राहून मी गावी फोन लावला.

“बाई,” म्हटलं.

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मग ती म्हणाली, “आज जेवलास का?” आणि त्यानंतर आम्ही पाऊण तास बोललो, ऊस, विहिरीची मोटर, चुलत्याचं आजारपण. सूनबाईला फोन द्यायला तिने सांगितलं नाही.

भाकरी मी आता कडेने कुस्करून खातो, शेंगदाणे चालतात, ऊस आणि चिक्की डॉक्टरांनी मना केली आहे. गाल थोडा बधिर आहे तो तसाच राहणार. थंडीत धातू जाणवतो का, असं लोक विचारतात. मला जाणवत नाही. शॉपवर आता फोन मीच घेतो.

वर्षाने सीटी झाला. सर्जननी पडद्यावर दाखवलं, अकरा पांढऱ्या रेघा, प्रत्येकीच्या भोवती हाड घट्ट, कुठे काळी फट नाही. मी सीडी मागून घेतली, आधी खात्री केली की काप बारीक आहेत. घरी येऊन कपाटातली जुनी पाकिटं काढली. पहिल्या सीडीवर मार्करने ‘रिव्ह. ०, मे २०२१’ लिहिलं, इम्प्लांटसाठी काढलेल्यावर ‘रिव्ह. १’ आणि या नव्या सीडीवर ‘रिव्ह. २’, तारीख आणि सही. बायकोने ती तिन्ही परत साड्यांच्या खाली ठेवली.